नंबर छापता, तर काटा कुणी धरला होता तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या आतल्या पानावर एक चौकट होती, जगात भारत कुठे आहे अशा अर्थाची. पाच ओळी, पाच आकडे. भूक १११, मानव विकास १३०, आनंद ११८, वृत्तपत्र स्वातंत्र्य १५१, भ्रष्टाचार ९६. झालं. कुणी मोजलं, कधी मोजलं, किती देशांमध्ये मोजलं, काही नाही. त्यातला भुकेचा १११ तर २०२३ चा आहे, २०२५ चा १०२ आहे, बाकीचे आकडे नवे आणि हा एकटाच जुना कसा काय घुसला देव जाणे. त्या चौकटीचा फोटो सकाळी सातला आमच्या घरच्या ग्रुपवर पडला आणि दुपारच्या जेवणापर्यंत दोन माणसं ग्रुप सोडून गेली होती.

एक माझे धाकटे दीर, त्यांचं म्हणणं हे सगळं गोऱ्यांचं कारस्थान, आपण पुढे चाललोय ते त्यांना बघवत नाही. दुसरा पुतण्या, जर्मनीत असतो, त्याचं म्हणणं काका तुम्ही डोळे मिटून बसा, सगळं जग हसतंय आपल्याला. मी दोघांनाही काही बोलले नाही तेव्हा, कारण भाजी फोडणीला होती, पण डोक्यात राहिलं. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, आधीच सांगते, कात्री लावायची तर लावा पण आकड्यांना लावू नका.

मी एकतीस वर्षं अंगणवाड्यांवर पर्यवेक्षिका होते, आधी त्याला मुख्यसेविका म्हणायचे. माझ्या बीटमध्ये पंचवीस-सव्वीस अंगणवाड्या. त्यामुळे बाकीच्या चार नंबरांचं मला जेवढं कळतं तेवढं वाचून कळतं, पण भुकेचा जो नंबर आहे ना, तो कुठून निघतो ते मी हाताने केलंय. म्हणजे अक्षरशः हाताने, पोराचे पाय धरून.

त्या भुकेच्या निर्देशांकात, म्हणजे ग्लोबल हंगर इंडेक्समध्ये, चार आकडे असतात. एक, लोकसंख्येत किती जणांना पुरेसं खायला मिळत नाही. दुसरा, पाच वर्षांच्या आतली किती मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. तिसरा, किती मुलं उंचीच्या मानाने लुकडी आहेत. चौथा, किती मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत जातात. म्हणजे चारातले तीन आकडे लहान मुलांचे. सरकारचा आक्षेप हाच असतो, की मुलांवरून अख्ख्या देशाची भूक कशी काढता, आणि तो आक्षेप अगदीच वावगा नाहीये, पोर लुकडं होतं ते नुसतं उपाशी राहून होत नाही, सारखी हगवण लागली तरी होतं, आईचंच वजन चाळीस किलो असेल तरी होतं, पाणी घाण असेल तरी होतं. नाव ‘भूक’ ठेवलंय आणि मोजलंय बरंच काही. नाव दुसरं ठेवलं असतं तर निम्मी भांडणं मिटली असती असं मला वाटतं.

पण म्हणून आकडा खोटा होतो का? आता बघा कसं मोजतात ते. साल्टर काटा वाशाला टांगायचा, त्याला ती चड्डी अडकवायची, पोर चड्डीत घातलं की ते किंचाळणार, पाय झाडणार, सुई सहावरून आठवर आणि आठवरून परत सहावर. आमची एक जुनी सेविका म्हणायची, बाई, दमू दे त्याला, दमलं की लिहू. मग दमायची वाट बघायची. ते झालं वजन. उंचीला तर दोन माणसं लागतात, दोन वर्षांच्या आतलं पोर झोपवून मोजायचं, एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे सरळ करून टाचेला फळी लावायची. दोन वर्षांच्या वरचं उभं करून मोजायचं, आणि झोपवून आणि उभं करून यात साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, तो धरावा लागतो. पोराने गुडघा जरा वाकवला आणि तुम्ही तसंच लिहिलंत तर लांबी कमी भरते, मग गंमत बघा, लांबी कमी भरली की तेच पोर कागदावर कमी लुकडं दिसतं पण जास्त खुजं दिसतं. एकच वाकडा गुडघा, एका रकान्यात पोर सुधारलं आणि दुसऱ्या रकान्यात बिघडलं. आणि वय? खुजेपणा वयावर काढतात. आईला विचारलं कधी झाला, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. कोणत्या सालचा पोळा? तर ज्या साली विहिरीला पाणी लागलं त्या. आता दाखले मिळतात म्हणून बरं, पण मी नोकरीला लागले तेव्हा अर्धी वयं अशी पोळ्याबैलावर काढलेली असायची.

तर हे सगळं असं असतं, आणि तरीही, दीरांना माझं सांगणं आहे, की तो लुकडेपणाचा आकडा गोऱ्यांनी घरी बसून नाही काढलेला. २०२५ च्या निर्देशांकात भारताचा लुकडेपणा १८.७ टक्के धरलाय. आपल्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २०२१ चं पाचवं जे झालं त्यात, तो १९.३ टक्के आहे. म्हणजे कारस्थान्यांनी उलट कमीच धरलाय! आणि हे सर्वेक्षण करते कोण, तर मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, ती, आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यासाठी. सहा लाखांच्या वर घरांमध्ये माणसं जाऊन आलीत. आणि त्यातच महाराष्ट्राचा लुकडेपणा २५.६ टक्के आहे, देशापेक्षा जास्त, हे आपल्याकडे कुणाच्या ग्रुपवर येत नाही.

मग म्हणतात मोजपट्टीच परदेशी आहे, आपली मुलं चणीनेच बारीक. हेही मी नोकरीत शंभरदा ऐकलं, डॉक्टरांकडूनसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेचे जे तक्ते २००६ पासून वापरतात ते सहा ठिकाणच्या मुलांवरून केलेत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि सहावी दिल्ली. दक्षिण दिल्लीतली खात्यापित्या घरची, अंगावर प्यालेली मुलं. ती नॉर्वेच्या मुलांसारखीच वाढली. म्हणजे चण वगैरे काही नसतं असं नाही, पण दीड वर्षाच्या पोराच्या दंडाला पट्टी लावली आणि ती ११.५ सेंटिमीटरच्या आत लाल रंगात गेली तर तिथे चण काढू नये माणसाने.

आता पुतण्याला सांगायचंय ते. बाबा रे, १११ वरून १०५ आणि १०५ वरून १०२, यावरून काही सुधारलं असंही म्हणता येत नाही आणि तू २०२३ चा नंबर घेऊन ‘पाकिस्तान १०२, आपण १११’ म्हणून नाचत होतास तेही आता खरं नाही. २०२३ ला १२५ देश होते, २०२४ ला १२७, २०२५ ला १२३. देश आत-बाहेर होतात, माहिती बदलते, मोजायची रीत बदलते. काढणारे स्वतःच लिहितात की एका वर्षाचा नंबर दुसऱ्या वर्षाशी लावू नका, पण ते बारीक अक्षरात असतं आणि बारीक अक्षर कोण वाचतं. लुकडेपणाचा आकडा तर तिन्ही वर्षं तोच आहे, १८.७, कारण मधे नवीन सर्व्हेच हाती आला नाही. सगळ्यात जास्त हलला तो पहिला आकडा, पुरेसं न मिळणाऱ्यांचा, १६.६ वरून १३.७ आणि मग १२. आणि तो हलायचं एक मोठं कारण म्हणजे आपल्या सरकारने बऱ्याच वर्षांनी घरखर्चाचा नवा सर्व्हे केला आणि ते आकडे हिशेबात आले. म्हणजे लोकांच्या ताटात फरक पडला असेलही, पण नंबरात फरक पडला तो बराचसा वहीत नवीन पान लागलं म्हणून.

हा पहिला आकडा काढते संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, रोममध्ये. आणि इथे मला जरा मिरवू द्या. माझं माहेर खटाव तालुक्यातलं. आमच्याच तालुक्यात बुध नावाचं गाव आहे, तिथे १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे रोमला त्या संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे वीसेक वर्षं प्रमुख होते. जगात उपाशी किती हे कसं मोजायचं, त्याची जी मूळ रीत आहे, एका माणसाला मिळणारे उष्मांक लोकांमध्ये कसे विखुरलेत ते बघायचं आणि ठरावीक रेषेच्या खाली किती जण पडतात ते काढायचं, तिचा पाया या माणसाने १९६० च्या आसपास घातला. म्हणजे दीर ज्याला गोऱ्यांचं कारस्थान म्हणतात त्याची चौकट सातारा जिल्ह्यातल्या माणसाने ठोकलीय. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, मला तर निवृत्त झाल्यावर कळलं.

आणि पुढची गोष्ट अजून भारी. १९७१ ला पुण्यात दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या दारिद्र्यावर जे काम केलं त्यात माणशी रोज २,२५० उष्मांक अशी रेघ धरली होती, तेवढं विकत घ्यायची ऐपत नाही तो गरीब. सुखात्मे म्हणाले असं नाही, एकच माणूस आज कमी खातो उद्या जास्त, शरीर जुळवून घेतं, एका ठिकाणची सरासरी धरून तिच्या खालचे सगळे उपाशी म्हणाल तर उगाच आकडा फुगेल. दांडेकरांना हे पटलं नाही, आणि दोघांचा वाद बरीच वर्षं चालला. कोण बरोबर ते मी सांगणारी कोण, पण दोन मराठी माणसं भूक कशी मोजायची यावर भांडली आणि शिव्या न देता भांडली, ग्रुप सोडून नाही गेली, एवढंच.

आता एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. २०२३ ला सरकारने त्या निर्देशांकाला उत्तर दिलं होतं की आमच्या पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाड्यांच्या मोबाइलवरच्या नोंदीत, लुकडी मुलं महिन्याला ७.२ टक्क्यांच्या आतच दिसतात, १८.७ कुठून आणलेत. आता अंगणवाडीची नोंद आणि सर्व्हे यात फरक काय, तर सर्व्हेवाला चिठ्ठी टाकून घरं निवडतो, त्या घरात जातो, कोण आहे ते मोजतो आणि निघून जातो, त्याला त्या पोराचं पुढे काही करायचं नसतं. अंगणवाडीत जे पोर येतं ते मोजतात. ऊसतोडीला गेलेलं, वीटभट्टीवर गेलेलं, ते त्या महिन्यात येतच नाही. आणि दुसरं म्हणजे, मोजणारीलाच जाब विचारतात. माझ्या नोकरीतली एक बैठक आठवते, कुठली ते लिहीत नाही. एका सेविकेने त्या महिन्यात सॅमची सहा मुलं दाखवली होती, तीव्र कुपोषित. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्याकडेच कशी सहा, शेजारच्या गावात शून्य आहेत, तुम्ही काम करता का नाही. ती बाई रडली नाही, पण पुढच्या महिन्यात तिच्या वहीत दोन होती. मी तिच्या वहीवर सही केली. मुलं तीच होती, मला तोंडपाठ होती ती, काटा धरायला मी स्वतः होते आदल्या महिन्यात. ते चार कुठे गेले मी विचारलं नाही. तर ७.२ का १८.७ असा प्रश्न आला की मला ती वही दिसते, मी काय करू.

बरं, सगळीकडे रडगाणंच असतं असंही नाही. बाळंतपणात मरणाऱ्या बायकांचा आकडा घ्या. एक लाख जिवंत जन्मांमागे किती माता जातात, २०१८-२० चा महाराष्ट्राचा आकडा ३३. अमेरिकेचा २०२१ चा ३२.९. वाचल्यावर मी दोनदा चष्मा पुसला. आमच्या आशा, आमच्या नर्सबाई, ती रात्री दोनला येणारी १०८, यांनी महाराष्ट्र अमेरिकेला नेऊन भिडवला की काय! ग्रुपवर टाकणारच होते. मग म्हटलं थांब, जरा बघ. तर अमेरिकेचं ते वर्ष कोरोनाचं, पुढच्याच वर्षी तो २२.३ वर आला. शिवाय त्यांच्याकडे २००३ पासून मृत्यूच्या दाखल्यावर एक चौकोन आलाय, बाई गरोदर होती का किंवा नुकती होती का, त्यावर खूण करायची. हा चौकोन एकेक राज्याने सावकाश घेतला, आणि जसजसा घेतला तसतसा आकडा वर गेला, त्यात चुकून म्हाताऱ्या बायकांच्या दाखल्यावरही खुणा पडल्या. म्हणजे आजार वाढला का चौकोन वाढला यावर त्यांच्यात अजून वाद आहे. आणि आपला आकडा येतो नमुना नोंदणीतून, तीन-तीन वर्षांची गोळाबेरीज करून. दोन वेगळ्या काट्यांवरची वजनं. तरीपण मी म्हणेन महाराष्ट्राने काम केलंय, फक्त अमेरिकेला हरवलं असं म्हणणार नाही.

आणि त्याच तक्त्यात खाली बघा. केरळ १९, आसाम १९५. देशाचा आकडा ९७. आता मला सांगा, ९७ चा भारत कुठे आहे? कोण राहतं तिथे? एक बाई केरळात बाळंत होते आणि एक आसामात चहाच्या मळ्यात, दोघींना मिळून ९७ हा एकच आकडा देऊन आपण श्रीलंकेशी तुलना करतो. फिनलंडची लोकसंख्या छप्पन लाख, आपल्या पुणे जिल्ह्याची २०११ लाच चौऱ्याण्णव लाख होती. आइसलंड तर कोल्हापूर शहरापेक्षा लहान. त्यांची सरासरी त्यांच्या अंगाला बसते, आपली म्हणजे दहा माणसांना मिळून शिवलेला एक सदरा. आणि ती लोकसंख्याही २०११ चीच मोजलेली, २०२१ ला जनगणना झालीच नाही, आता २०२७ ला म्हणतात. आमचे हे शिक्षक, दोनदा प्रगणक होते, मे महिन्याच्या उन्हात घरं मोजत फिरलेत, त्यांना याचं भारी वाईट वाटतं.

आनंदाच्या नंबराचं तर मला हसू येतं. त्यात एकच प्रश्न मुख्य असतो, समोर एक शिडी आहे समजा, शून्य ते दहा पायऱ्या, सगळ्यात वर तुमचं शक्य तेवढं चांगलं आयुष्य, खाली सगळ्यात वाईट, तुम्ही कुठल्या पायरीवर? देशात वर्षाला साधारण हजार माणसांना विचारतात आणि तीन वर्षांची सरासरी काढतात. फिनलंड २०१८ पासून पहिला, साडेसातच्या वर. आपण साडेचारच्या आत. आता आपल्याकडे माणसाला विचारा काय कसं काय, तर उत्तर ‘चाललंय’. हे चाललंय म्हणजे कितवी पायरी? मुलगा इंजिनियर झाला तरी चाललंय आणि सोयाबीन वाहून गेलं तरी चाललंय. माझी सासू तर ‘बरं आहे’ म्हणायलाही घाबरायची, नजर लागते म्हणून. तिला जर शिडी विचारली असती तर तिने विचारलं असतं शिडी कशाला, माळ्यावर काय काढायचंय.

पण हसण्यावारी न्यायचं नाही एवढंच, कारण तोच प्रश्न पाकिस्तानातही विचारतात आणि २०२५ ला ते १०९ वर आणि आपण ११८ वर, आणि तिथली आजीही नजरेला घाबरतच असेल की. असो.

बेरोजगारीचं एक सांगते, कारण पुतण्याला ते झोंबेल. आपला २०२३-२४ चा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के. जर्मनीचाही साडेतीनच्या आसपास. म्हणजे सारखंच की रे, मग तू स्टुटगार्टला कशाला गेलास? उत्तर असं की आपल्याकडे घरच्या शेतात, घरच्या दुकानात बिनपगारी मदत करणाराही कामावर धरतात, आणि वर्षातले तीस दिवस तसं जरी केलं तरी तो रोजगारवाला. आमच्या गल्लीतला पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय चार वर्षं, सकाळी पळतो, संध्याकाळी दोन म्हशींना पाणी दाखवतो. त्या म्हशींमुळे तो बेरोजगार नाही. २०२४ ला राज्यात सतरा हजारांवर जागांच्या पोलीस भरतीला सतरा लाखांच्या वर अर्ज आले होते, त्यातल्या किती जणांच्या घरी म्हशी असतील बघा. तिकडे जर्मनीत घरी बसला तर भत्ता मिळतो म्हणून माणूस बेरोजगार राहू शकतो, इथे बेरोजगार राहणं परवडतच नाही.

उलटं उदाहरण स्वीडनचं. बलात्काराच्या आकड्यात स्वीडन नेहमी वरच्या नंबरात, आणि आपल्याकडचे काही जण ते खूप खुशीत पाठवतात, बघा म्हणे पुढारलेले देश. तिथे व्याख्या मोठी आहे, आणि एखाद्या बाईने सांगितलं की नवऱ्याने वर्षभर केलं तर प्रत्येक वेळेची वेगळी नोंद होते. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग एका एफआयआरमधला सगळ्यात मोठा गुन्हा तेवढाच मोजतो, म्हणजे बलात्कार करून खून केला तर तो बलात्काराच्या रकान्यात धरतच नाहीत. आणि नवऱ्याचं तर आपल्या कायद्यात धरतच नाहीत. आता लावा तुलना.

संसदेत बायका किती, यात रवांडा जगात पहिला, साठ टक्क्यांच्या वर. आपल्या लोकसभेत २०२४ ला ५४३ पैकी ७४. लाज वाटावी असाच आकडा आहे, त्यात मी काही सारवासारव करणार नाही. पण त्याच रवांडात २०२४ ला राष्ट्राध्यक्ष ९९ टक्के मतं घेऊन निवडून आले, २००० पासून तेच आहेत, तर त्या संसदेतल्या बायकांनी कधी नाही म्हटलं तर ऐकतं का कुणी हा आकडा कुठल्या तक्त्यात नाही. आणि आपल्या ग्रामपंचायतीतल्या बायका, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा, त्या या जागतिक नंबरात धरतच नाहीत. त्यातल्या काहींच्या खुर्चीत नवरा बसतो हे मला माहितीये, पण ज्या स्वतः बसल्या त्यांनी अंगणवाडीला नळ आणला, तेही मी बघितलंय.

वृत्तपत्र स्वातंत्र्य, लोकशाही, भ्रष्टाचार, हे तीन काट्यावर टाकता येत नाहीत. तिथे मुख्यतः जाणकारांना, व्यापाऱ्यांना प्रश्नावली देतात आणि मतांना गुण देतात. म्हणून तर एकच भारत, २०२१ ला स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातले लोक त्याला निवडणुका असलेली एकाधिकारशाही म्हणाले आणि लंडनचे लोक म्हणाले सदोष लोकशाही. मत म्हणून सोडून द्यायचं असं मी म्हणत नाही, डॉक्टरही आधी विचारतोच ना कुठे दुखतंय, थर्मामीटर नंतर. पण १५१ आणि १५२ यात काही फरक आहे असं समजून त्यावर अग्रलेख लिहू नका.

आणि दीरांसाठी शेवटचं. २०१९ मध्ये जागतिक बँकेच्या उद्योगसुलभतेच्या यादीत आपण २०१४ च्या १४२ वरून ६३ वर आलो म्हणून त्यांनी ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला होता, माझ्याकडे अजून आहे. तेव्हा बँक गोऱ्यांची नव्हती वाटतं. त्या यादीत भारताचा नंबर मुंबई आणि दिल्ली ही दोनच शहरं बघून काढायचे, आमच्या एमआयडीसीला कुणी विचारायला आलं नव्हतं. आणि २०२१ ला बँकेने ती यादी स्वतःच बंद केली, चीन, सौदी अशा काही देशांच्या आकड्यांत गडबड सापडली म्हणून. आपल्या आकड्यात गडबड सापडली असं नाही, पण पेढे जरा घाईतच वाटले गेले.

तर संपादक साहेब, माझी मागणी एवढीच आहे. अशी चौकट पुन्हा छापाल तेव्हा प्रत्येक नंबराच्या शेजारी तीन गोष्टी छापा, किती देशांत, कोणत्या वर्षीच्या माहितीवर, आणि मोजलं कुणी. मानव विकासाचा तुमचा १३० हा २०२५ च्या अहवालातला आहे पण माहिती २०२३ ची आहे, आणि बांगलादेशही त्याच १३० वर आपल्या शेजारी बसलाय, श्रीलंका ८९ वर, हे एका ओळीत मावलं असतं. जागा नसेल तर पाचाऐवजी दोनच नंबर छापा, पण पुरते छापा. आणि जमलं तर एकदा जिल्ह्यांची चौकट करा, नंदुरबार कुठे, सातारा कुठे, गडचिरोली कुठे. आणि त्या १११ चं १०२ तेवढं दुरुस्त करा.

आपली,
एक निवृत्त पर्यवेक्षिका
(मु. पो. सातारा)

ता. क. पुतण्या ग्रुपवर परत आलाय. दीर अजून आले नाहीत, आणि ते मोबाइलवरचं लांबलचक काही वाचत नाहीत, पेपर मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. त्यामुळे छापलंत तर बरं होईल.